गॅसच्या बटणाची तालीम

नवरा चौथ्यांदा स्वयंपाकघरात गेला तेव्हा ती दाराशी चप्पल घालून उभी होती.

"बंद आहे रे!" ती ओरडली.

"माहीत आहे," आतून आवाज आला. पण तो काही बाहेर आला नाही.

गॅसचं बटण. रोज सकाळी घोडं तिथेच पेंड खायचं. शेवटी तो आला, जिना उतरू लागला, आणि मग ती स्वतः आत जाऊन आली. अशा माणसाच्या भरवशावर घर कसं सोडणार?

नवरा हौशी नाटकांतला जुना नट. गेल्या महिन्यात त्याने जाहीर केलं, की नव्या नाटकात त्याला एका आजारी माणसाचं काम मिळालंय. आजार कसला, तर निघताना सारखं सगळं तपासत बसायचं. झालं, तालीम घरातच सुरू! पहिल्या दिवशी त्याने डोळे गरागरा फिरवले, बोटं मोजली, स्वतःशीच खदाखदा हसला. तिचं डोकंच फिरलं.

"काय हा तमाशा! असं कोणी करतं का?"

"मग कसं करतात?"

"मला काय विचारतोस? पण एवढं तोंड वेडंवाकडं नक्कीच करत नसतील. उलट कोणाला कळू नये म्हणून जिवाचा आटापिटा करत असतील. लोक हसतील रे तुला बघून, आणि ज्याच्या घरात खरंच असेल तो मान खाली घालून बसेल."

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला आणि एकदम गंभीर झाला. तिथूनच सगळं बिघडलं.

आता तो डोळे फिरवत नव्हता. मुकाट्याने आत जायचा. बटणावर अंगठा दाबून उभा राहायचा आणि ओठ न हलवता काहीतरी मोजायचा. मध्येच कोणी हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून. कधी जिन्याच्या वळणावरून परत यायचा. का आलास म्हटलं तर म्हणायचा, पाकीट विसरलं. पाकीट तर खिशातच असायचं.

इतकं हुबेहूब, की तिला बघवेना. नाटकातल्या माणसाला एवढं बारीक कुठून कळतं? तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

ती रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. तिथे प्रत्येक नळीवरचं नाव दोनदा बघावं लागतं, त्यामुळे नजर तयार झालेली. उजव्या अंगठ्याला कायम चिकटपट्टी. दिवसभर झाकणं उघडायची म्हटल्यावर तेवढं व्हायचंच. उशीर होतो म्हणून साहेबांनी परवा पुन्हा झापलं होतं. "घरी जरा नवऱ्याचं..." एवढंच ती बोलली.

साहेबांचं एक वेळ चाललं असतं. पण मुलगी अभ्यासाला म्हणून मावशीकडे गेली ती परीक्षा संपली तरी परतली नव्हती. ते काळजात सलत होतं. तिने फोन लावला.

"चिमणे, घरी कधी येतेस गं?"

"बघू. सकाळी निघताना अजून तसंच चालतं का?"

"वाढलंय उलट. बाबा तर आता जिन्यातून परत येतो."

"बाबा?" मुलीने चमकून विचारलं. मग म्हणाली, "मला तिथे जीव घुसमटल्यासारखं होतं, आई. ते थांबलं की येईन."

म्हणजे पोर घरी यायला हवी असेल, तर आधी नवरा ताळ्यावर यायला हवा. तिने त्याच्या नाटकमंडळीच्या दिग्दर्शकाला गाठलं.

"नाटक?" तो म्हणाला. "कुठलं नाटक, वहिनी? तो वर्षभर इकडे फिरकलेला नाही."

नाटक नव्हतंच! मग उरलं काय? नवरा खरोखरच आजारी होता, आणि नाटकाच्या नावाखाली तिच्या डोळ्यांत धूळ फेकत होता. तिला त्याचा संताप आला, आणि कीवही आली.

"उद्या आपण डॉक्टरकडे जायचं," तिने बजावलं.

डॉक्टरचा विषय या घरात पूर्वीही निघाला होता, आणि दर वेळी भांड्यांची आदळआपट होऊन तिथेच मिटला होता. या वेळी नवरा इतक्या चटकन 'बरं' म्हणाला, की यातही कुठेतरी पाणी मुरतंय असं तिला वाटलं.

मनोविकारांच्या डॉक्टरबाईंसमोर तो खाली मान घालून बसला.

"बटणावर हात असतो तेव्हा मनात काय येतं?" बाईंनी त्याला विचारलं.

"मला नाही सांगता येणार."

"मी सांगते," तिला राहवेना. "बटण बंद दिसतं, डॉक्टर. डोळ्यांना दिसतं, हाताला कळतं, पण आत कुठे पटतच नाही. अंगठा काढला की वाटतं, आता भडका उडणार, पोर घरात एकटी, आणि सगळं आपल्यामुळे. वेडेपणा आहे हे कळतं हो! म्हणून तर लाज वाटते. पुन्हा मोजलं की घटकाभर बरं वाटतं. घटकाभरच." तिने नवऱ्याकडे बोट केलं. "दाबून दाबून अंगठा सोलवटतो. बघा ना त्याचा."

नवऱ्याने हात पुढे केला. अंगठा अगदी स्वच्छ होता.

बाईंनी तो पाहिला. मग त्यांची नजर टेबलावरच्या दुसऱ्या अंगठ्याकडे गेली, चिकटपट्टी लावलेल्या. तिने हात झटकन मांडीवर घेतला.

"हे सगळं यांनी सांगितलं तुम्हाला?" बाईंनी हळूच विचारलं.

नवऱ्याने तिचा तो हात आपल्या हातात घेतला.

"दोन वर्षं हिच्या विनवण्या करतोय, डॉक्टर," तो म्हणाला. "स्वतःसाठी नाही आली. माझ्यासाठी मात्र एका दिवसात आली."