जोराची दहा मिनिटं

“साहेब, माझ्या नवऱ्याला तुम्ही पळवून पळवून मारलंत!” हवालदार दुसान्यांची मंदा मोठ्या साहेबांच्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली. कवायतीच्या मैदानावर कोसळलेल्या नवऱ्याचा दहावा कालच झाला होता.

“वहिनी, बसा. त्यांनी रोज तासभर चालायला सवलत मागितली होती. बंदोबस्तातून तास कुठून काढू? म्हणून सगळ्यांनाच सांगितलं, दहा मिनिटं जीव तोडून पळा, थांबा, परत पळा. तासभर चालण्याएवढाच फायदा होतो.”

“पंचविशीतल्या पोरांना होत असेल. यांच्या छातीत वर्षभर दुखत होतं. डॉक्टर म्हणाले होते, सावकाश चाला, पळू नका.”

साहेबांचा चेहरा उतरला. “हे मला कधी बोलले नाहीत हो. एका शब्दानं सांगायचं तरी!”

सांगू नका, असं मंदानंच नवऱ्याला शपथ घालून बजावलं होतं. तिनं डोळ्यांना पदर लावला, पण मान खाली घातली नाही.

“गेल्या साली पगारे हवालदारांनी सांगितलं, तर आजारी माणूस नको म्हणून तुम्ही त्यांची बदली कुठल्या कुठं केलीत. बायकापोरं इथं, ते तिकडं एकटे. मग आम्ही कुणाच्या भरवशावर सांगायचं होतं? बोला ना, साहेब!”