मेंढीची चरबी

“हा वास कसला?” बुरुलने स्ट्रेचरवरच्या माणसाच्या कपाळाशी नाक नेलं.

“मेंढीच्या शेपटीची चरबी, एजे.” थोरल्या बहिणीला म्हणावं तसं ‘एजे’ म्हणत त्याची बायको काल्बू जरा ऐटीतच म्हणाली. “पहाटे चोळली. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली नस आवळत चाललीय. आवळलेलं कातडं चरबीनंच सैल होतं ना? माझा जन्म खोगिराचे पट्टे मऊ करण्यात गेला.”

बुरुलने कपाळाला हात लावला. रिसपेकच्या मेंदूत रक्तस्राव झाला त्याला आज सातवा दिवस. रक्त थांबलं होतं, पण आता नसाच आकसायला लागल्या होत्या. सकाळपासून उजवा हात उचलत नव्हता, जीभ जड झाली होती. ‘आजच ऑक्सिजनच्या टाकीत झोपवा’ असं मेंदूच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, आणि ‘आजच’खाली दोन रेघा मारल्या होत्या.

“हा असा आत गेला तर जळून कोळसा होईल. आत नुसता ऑक्सिजन कोंडलेला असतो, बये. तेलकट अंगाला एक ठिणगी पुरते. ने त्याला, साबणानं घासून आण. वीस मिनिटांत.”

काल्बू स्ट्रेचर ढकलत पळत सुटली.

इस्पितळात टाकी एकच. ऑक्सिजन यायचा तो दिवसाला दोन माणसांपुरता. एक जण सकाळीच होऊन गेला होता. उरलेला वाटा रिसपेकचा होता.

दहा मिनिटांत इस्पितळाचे उपप्रमुख सादिरोविच आले. मागे अकीमची बायको. अकीम म्हणजे जिल्ह्याचा सरकारी प्रमुख, जवळजवळ मालकच. त्यांच्या मुलीचं लग्न दोन दिवसांवर आलं होतं आणि बाईंना ऑक्सिजन घेऊन चेहरा टवटवीत करून हवा होता.

“टाकी रिकामी दिसतेय,” सादिरोविच म्हणाले.

“पेशंटला धुवायला नेलंय. येईलच आता.”

“त्याला उद्या घे. तो काय पळून चाललाय?”

बुरुल एकवीस वर्षं या टाकीवर होती. नायलॉनचे मोजे, केसांतली पिन, कशालाही तिनं आत जाऊ दिलं नव्हतं. एका मुल्लाच्या गळ्यातला तावीज तिनं स्वतः कात्रीनं कापला होता. आत जाणाऱ्या प्रत्येकाचा वास घ्यायचा, हा तिचा नेम. ती बाईच्या चेहऱ्यावर वाकली. गुलाबाचा वास आला. गालांवर क्रीमचा जाड, महागडा थर होता. तेल ते तेल. मेंढीचं असो की गुलाबाचं, ऑक्सिजनला दोन्ही सारखंच.

“काय गं, मुका घेतेस की काय?” बाई हसली.

सादिरोविच बुरुलकडे बघत राहिले. पुढच्या वर्षी तिला पेन्शन लागणार होती.

बुरुलने बाईला आत झोपवून झाकण लावलं.

काल्बू अठराव्या मिनिटाला परत आली. रिसपेकच्या केसांतून पाणी गळत होतं. तिनं त्याची नखंसुद्धा घासली होती. टाकी सूं सूं करत होती.

“आत कोण आहे, एजे?”

“तातडीचा पेशंट.”

“याच्यापेक्षा जास्त आजारी?”

“हो.”

“मग असू दे,” काल्बू म्हणाली, आणि डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं नवऱ्याचे कान पुसत भिंतीला टेकून उभी राहिली.

त्या संध्याकाळी रिसपेकची वाचा गेली. तिसऱ्या दिवशी तो गेला.

दहाव्या दिवशी काल्बू इस्पितळात आली. हातात फडक्यात बांधलेले बोरसोक होते, कणकेचे छोटे गोळे, गेलेल्या नवऱ्याच्या नावानं तळलेले, अजून कोमट.

“घ्या, एजे. तुम्ही हटकलं नसतं तर मी त्याला जिवंत जाळलं असतं. माझ्याच हातांनी चरबी चोळली, माझ्याच हातांनी त्याची वेळ घालवली. दीर म्हणतात, इस्पितळवाल्यांनी मारला. मी त्यांना सांगितलं, एजेला बोल लावाल तर जीभ झडेल. दोष माझा आहे.”

तिनं फडकं सोडून पुढे धरलं.

बुरुलला हात पुढे करवेनात. अकीमच्या बायकोनं त्या दिवशी जाताना दिलेली क्रीमची डबी निम्मी संपली होती, आणि तिच्या हातांना गुलाबाचा वास येत होता.