टीव्हीकडे पाठ

थानासिसच्या पत्राला मनोहरांनी दीड वर्ष उत्तर दिलं नव्हतं. पत्र एका पानाचं होतं, मोठ्या अक्षरांत, मोडक्या इंग्रजीत. 'प्रोफेसर, मी गावी पोचलो, बरा आहे. आपला फुटबॉल क्लब आणखी एक पायरी खाली गेला. आम्ही म्हातारे कॉफीच्या दुकानात मॅच बघतो. एक खुर्ची टीव्हीकडे पाठ करून ठेवली आहे. तिच्यावर कोणी बसत नाही. तू कधी येतोस?'

आज मनोहर अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या पोस्टात रांगेत उभे होते, छातीशी एक पार्सल धरून. शेजारी नीलांबरीबाई, हातात गाडीची किल्ली.

"अहो, चिठ्ठी टाकलीत ना आत?"

"टाकली."

"काय लिहिलंत शेवटी? सकाळपासून चार कागद फाडलेत."

मनोहर पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघत राहिले.

खरं तर 'मी येऊ शकत नाही' एवढंच कळवायचं होतं. हृदयाच्या डॉक्टरांनी लांबचा विमानप्रवास बंद केला होता. पण ते कळवलं की तिकडे कोणीतरी उठणार आणि खुर्ची सरळ करणार. उत्तर जाईपर्यंत ती आपली होती.

थानासिसचं डायनर, म्हणजे छोटंसं हॉटेल, इथल्याच हमरस्त्यावर होतं. एका रविवारी सकाळी मनोहर तिथे कॉफी घेऊन वाचत बसले होते. अंगात नीलांबरीबाईंनी विणलेला तपकिरी स्वेटर. पाठीमागे टीव्हीवर ग्रीसमधल्या कुठल्याशा गावाची फुटबॉल मॅच चालू होती. तो क्लब तंबाखूच्या वखारीतल्या हमालांनी काढलेला. पहिल्या जर्सी त्यांनी तंबाखूच्या गाठींच्या गोणपाटातून शिवल्या, म्हणून रंग आजही तपकिरीच. हे सगळं मनोहरांना नंतर कळलं. त्या सकाळी एवढंच झालं, की कित्येक महिने हरणारा क्लब जिंकला, आणि थानासिस, यानिस न्हावी आणि छपरांची कामं घेणारा लेफ्तेरिस त्यांच्या टेबलाभोवती येऊन उभे राहिले.

"पुढच्या रविवारी हाच स्वेटर," थानासिस म्हणाला. "हीच खुर्ची. आणि प्रोफेसर, वळायचं नाही."

ते प्रोफेसर नव्हते. औषध कंपनीच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले होते. पण तसं सांगायचा धीर झाला नाही, आणि मग सांगायची वेळ निघून गेली.

थानासिस डायनर विकून गावी गेला तोवर, नऊ वर्षं, मनोहर वळले नाहीत. क्लबचा एकही गोल त्यांनी पाहिला नाही. पुस्तकावरून डोळे उचलून ते समोरचे चेहरे बघत. चेंडू गोलजवळ पोचला की यानिसच्या भुवया वर चढत. तिकडच्या पंचानं घात केला की लेफ्तेरिस डोळे मिटून घेई. मे महिन्यातही स्वेटर घालून मनोहर घामाघूम बसत. तरी क्लब बहुतेक वेळा हरायचाच. "आज प्रोफेसरनं नीट वाचलं नाही," लेफ्तेरिस म्हणे, आणि सगळे हसत. मनोहरही हसत, आणि घरी जाताना आपलं लक्ष कुठल्या पानावर उडालं होतं ते आठवत राहत.

गेल्या रविवारी नात आन्यानं फोनवर शोधून सांगितलं, "आजोबा, जिंकले! वन मोअर अँड दे गो अप!" आणखी एक सामना जिंकला की क्लब वरच्या गटात. सामन्याला अडीच आठवडे होते.

त्याच संध्याकाळी मनोहरांनी कपाट उघडलं.

"हा पाठवणार?" नीलांबरीबाई म्हणाल्या. "कोपराला भोक आहे. द्या इकडे, रफू करते."

"नको. होता तसाच जाऊ दे."

रांग सरकली. काउंटरवरच्या बाईनं पार्सल वजनकाट्यावर ठेवलं.

"आत काय आहे?"

"स्वेटर."

"नवा?"

"जुना."

"गिफ्ट?"

मनोहर अडखळले. बाईनं वाट पाहिली आणि गिफ्टचं बटण दाबलं.

"कधी पोचेल?"

"दोन आठवडे. तीनही लागतील, सर. सांगता येत नाही."

त्यांनी मान हलवली. बाई शिक्के मारू लागली. नीलांबरीबाई हळूच म्हणाल्या, "आता तरी सांगा. काय लिहिलं?"

"मी येऊ शकत नाही, असं लिहिलं."

"आणि?"

"स्वेटर खुर्चीला घाला. खुर्ची वळवू नका."

नीलांबरीबाईंनी गळ्यातला, स्वतः विणलेला मफलर काढून नवऱ्याच्या हातात दिला.

बाईनं पार्सल उचललं आणि मागच्या ढकलगाडीकडे निघाली. मनोहर पटकन वळले. काउंटरकडे पाठ करून, दोन्ही हातांत मफलर धरून उभे राहिले.

"अहो, तिकडे काय? ती बघा, ठेवतेय गाडीवर."

"तू बघ," मनोहर म्हणाले.

पाठीमागे चाकं कुरकुरली. ते नीलांबरीबाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. गाडी दारापर्यंत गेली असावी, कारण त्यांच्या भुवया हळूहळू वर चढल्या.