अडकलेलं चित्र

"खाला, आईचं चित्र अडकलं. जरा डोकावून येता काय?" पुण्याहून कुलदीपचा फोन.

आयशाबी कणीक मळत होती. "तूच लाव ना लीलाबाईले फोन."

"मी लावला का आई अर्धा तास सोडत नाई. कामात आहो ना."

बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या साली पोरानं वलगाव सोडलं आणि जाताना आईच्या अंगणात कॅमेरा लावून दिला. तिकडे मोबाइलवर तो तिला बघायचा. गावचं नेट म्हणजे सगळा आनंदीआनंद! म्हणून त्यानं कॅमेऱ्याला वळण लावलं होतं: काही हाललं की चित्र सरसर धावायचं, नाही हाललं की सवडीनं एकेक यायचं. आता स्वस्थ बसलेलं माणूस बरं आहे की वाईट, हे अशा चित्रावरून कुणी सांगावं?

आयशाबी भरल्या हातानंच शेजारी धावली. लीलाबाई बाजेवर ताठ बसलेली. मांडीवर मोबाइल, नजर समोर. आयशाबी ओरडलीच.

"लीलाबाई!"

"हालू नोको वं," लीलाबाई ओठांतल्या ओठांत पुटपुटली. "आता फोन येते पोट्ट्याचा."

"मंग हालाले काय झालं?"

"मी हिंडली-फिरली का त्याले वाटते, माय बरी हाय. मंग फोन कायले करन? अशी बसली का बरोबर करते. आजच उशीर झाला."

आयशाबीला हसू आलं, रागही आला, आणि मग एकदम भरून आलं. पण ती उभी होती अंगणाच्या मधोमध. चित्र केव्हाच धावू लागलं असणार.

फोन वाजला. आयशाबीचा.

"दिसल्या तुमी, खाला. आईनं मान वळवली तेही दिसलं. जिवात जीव आला. ठेवतो."

लीलाबाईनं हात पुढे केला होता. "दे, माह्यासंग बोलू दे त्याले."

आयशाबीनं बंद झालेला मोबाइल ओढणीत धरला. "रेंज गेली, बाई."

लीलाबाईनं हात मागे घेतला. भिंतीवरच्या कॅमेऱ्याकडे जरा वेळ पाहिलं.

"रेंज गेली का त्याचा दिवा लाल होते," ती म्हणाली. "हिरवाच हाय."