तळ्यावरचा अरुंद पूल

पुलाच्या मधोमध हेमराज थांबला आणि त्याच्यामागे अख्खी रांग थांबली. समोर त्याचा धाकटा भाऊ भूपेश उभा होता.

बाग भोसल्यांच्या काळातली. तळ्यावरचा दगडी पूल इतका अरुंद, की समोरून माणूस आला तर दोघांनाही अंग तिरकं करावं लागतं. त्यात रविवारची संध्याकाळ, म्हणजे निम्मं नागपूर इथेच लोटलेलं. हेमराज परत फिरायला वळला, तर मागे आइस्क्रीम चाटणारं एक भलंमोठं कुटुंब आणि त्याच्याही मागे माणसंच माणसं. भूपेशचीही तीच गत.

बापाचा हातमाग भूपेशनं न विचारता विकला, तेव्हापासून भावाभावांत बोलणं नव्हतं. कोष्ट्याच्या घरातला माग गेला, पण सुंभ जळाला तरी पीळ काही जळत नाही. आता गुरुवारी हेमराजच्या काजलचं लग्न, आणि सख्ख्या काकाला आमंत्रण नाही. काजल रोज विनवायची. "तो आला तं मी मांडवात पाय ठेवत नाही," एवढंच हेमराज म्हणायचा. पोरीचा जीव नुसता तुटायचा.

"ओ काका, सरका नं! काहून उभे राहिले?" मागून कोणी ओरडलं.

दोघे नाइलाजानं तिरके झाले. कठडा जेमतेम गुडघ्याएवढा, खाली पाणी. मागून रेटा आला, हेमराजचा तोल गेला आणि भूपेशनं त्याला दोन्ही हातांनी धरलं. धरलं ते सोडेचना.

"किती वाळला गा दादा तू."

हेमराजनं तोंड फिरवलं. पण फिरवून फिरवणार कुठे? जिकडेतिकडे लोकच. त्याचे डोळे भरून आले.

"गुरुवारी काजलचं लगन हाये," तो कसाबसा म्हणाला. "मांडवाले ये गा."

"एवढं म्हणायले इतके वर्षं लावले काय?"

आणि दोघे घोडे भर गर्दीत गळ्यात पडून रडायला लागले. रांग खोळंबली. लोक चिडले, मग आपोआप गप्प झाले.

तळ्याकाठी उभ्या असलेल्या काजलनं कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला. शेजारी भूपेशची बायको धनश्री पदरानं डोळे पुसत होती.

"तू सांगितलं तवाच पाठवलं बा मी तुह्या काकाले पुलावर," ती म्हणाली. "पण बागेच्या दुरुस्तीचं काम तुह्याकडेच हाये नं वं? गर्दी अडते म्हणून हा पूल कवाचाच चौडा करणार होती नं तू?"

"करू नं काकू," काजल म्हणाली. "आजच्यासाठीच अरुंद ठेवला होता."