आरामखुर्चीखालची धूळ

"वायर फारच आखूड आहे, परत कर तो व्हॅक्यूम," दिगंबरराव आरामखुर्चीतून म्हणाले.

हेमलताबाईंनी एक्स्टेंशन बोर्ड जोडला. कुणाची कातडी, कुणाचे केस धुळीत आहेत, तेही हा व्हॅक्यूम सांगायचा. नवऱ्याची उशी, गादी, शेवटी त्या खुर्चीची बैठक, सगळ्यावरची धूळ त्यांनी ओढून काढली. व्हॅक्यूमच्या छोट्या पडद्यावर उमटलं : 'माणसं एक. स्त्री.'

घरी आपल्यासारखं हुबेहूब यंत्र ठेवून पसार होणाऱ्या नवऱ्यांच्या बातम्या त्यांनी हसण्यावारी नेल्या होत्या. दौऱ्यावरून परतल्यापासून हे आमटीला नावं ठेवत नव्हते. त्यांना वाटलं होतं, माणूस निवळला.

ओठांवर आलेलं 'अहो' त्यांनी गिळलं.

"काय रे," त्यांनी विचारलं, "आमचे हे सध्या कुठे राहतात?"