नऊ नंबरचं पाकीट

"पाकीट द्या मॅडम, येवढंच मागाया आलोय," रोहिदास म्हणाले आणि त्यांनी स्नेहलचा मोबाइल टेबलावर ठेवला.

अनुपमा मॅडम सुरक्षित इंटरनेटचा अहवाल टाइप करत होत्या. त्यांची बोटं थांबली. शाळा सुटून तास झाला होता, कॉम्प्युटर लॅबमध्ये दोघंच होते.

"पोलिसांनी परत दिला. अपघात म्हणून फाइल मिटली. पर उघडंना. दुकानदार म्हणला, उघडतो, पर आतलं समदं पुसलं जाईल. तसं नगं मला."

दोन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी रोहिदासांची नववीतली स्नेहल घरी न सांगता दौंड स्टेशनला गेली होती. मोबाइलवर ओळख झालेला स्वराज नावाचा मुलगा तिथं भेटणार होता, असं तिच्या मैत्रिणीनं मागाहून सांगितलं. अकरापासून चारपर्यंत पोर पुलाखाली उभी राहिली. कुणी आलं नाही. परतताना पूल न चढता तिनं रूळ ओलांडले आणि गाडीखाली सापडली.

मग संस्थेनं लॅबचे नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतले. वरातीमागून घोडं. पासवर्ड कुणाला सांगू नये. अनोळखी माणसाला भेटायला जाऊ नये. मॅडम हे आधीही शिकवत होत्या, आणि जीव तोडून शिकवत होत्या. नुसतं घोकून भागत नाही, मुलांची परीक्षा घ्यावी लागते, असं त्या स्टाफरूममध्ये म्हणायच्या. आता म्हणत नसत.

स्नेहलच्या नऊ नंबरच्या कॉम्प्युटरवर कुणी बसत नसे. तो आपोआप चालू होतो, असं पोरं म्हणायची. बाकीचे शिक्षक हसत. मॅडम कधी हसल्या नाहीत.

"पासवर्ड दुसऱ्याला द्यायचा नसतो, रोहिदासभाऊ."

"तुमच्याकडं पाकीट हाय की. ती सांगायची."

खोटं नव्हतं. विसराळू मुलांसाठी मॅडमनीच ती सोय केली होती. प्रत्येकानं आपला पासवर्ड बंद पाकिटात घालून कपाटात ठेवायचा. भिंतीवरचा पहिला नियम त्यांनी स्वतःच असा मोडला होता, आणि सगळ्यांना ते सोयीचं वाटलं होतं.

"तो इथल्या कॉम्प्युटरचा आहे."

"सगळीकडं एकच ठिवलाय म्हणायची. लई विसरायची."

"तो मुलगा सापडला तर काय करणार?"

रोहिदासांनी हातांकडे पाहिलं. झेंडूची तोडणी चालू होती, नखं हिरवी झाली होती. "पयल्या वर्सी सापडला आसता तर जित्ता सोडला नसता. आता नुसतं इचारायचंय. का आला न्हाईस?"

मॅडमनी टेबलावरचा मोबाइल उचलून पुन्हा तिथंच ठेवला.

"तिला हुडकताना त्या दिशी म्या तुमालाबी फोन केलता. लागला न्हाई."

"पुण्याला ट्रेनिंग होतं. ऐनवेळी निघालं. नाहीतर मी..." मॅडमचं वाक्य अर्धंच राहिलं.

पाकीट हरवलं म्हणावं, असं त्यांच्या मनात आलं. रोहिदास मान डोलावून निघून गेले असते; माणूसच तसा होता. पण छातीवर धोंडा घेऊन जगणं काय असतं ते मॅडमना ठाऊक होतं. त्या उठल्या आणि त्यांनी कपाट उघडलं. पाकिटावर स्नेहलच्या गोल अक्षरात नऊ लिहिलेलं होतं, कोपऱ्यात एक फूल काढलेलं.

आतला कागद वाचून रोहिदासांचे ओठ हलले. "कपिला. आमची गाय."

घरातल्या जनावराचं नाव पासवर्डला ठेवू नये, हाही भिंतीवरचाच एक नियम.

मोबाइल उघडला आणि शाळेच्या वाय-फायला आपोआप जोडला गेला. स्वराजचं नाव सगळ्यात वर होतं. रोहिदास एकेक अक्षर लावून वाचू लागले. "'पुलाखाली उभी आहे.' 'पिवळा ड्रेस आहे.' 'किती वेळ रे?' 'मी जाते आता.'" त्यांनी डोळे पुसले. "त्याचं उत्तरच न्हाई, मॅडम."

मॅडम जागेवर येऊन बसल्या होत्या. अहवाल अर्धा राहिला होता.

रोहिदासांनी एका बोटानं, बराच वेळ घेऊन लिहिलं: मी स्नेहलचा बाप. का आला नाहीस? आणि पाठवून दिलं.

"दोन वर्सं झाली. त्यानं कवाच बंद केलं आसंल," ते म्हणाले.

भिंतीवरचं घड्याळ तेवढं वाजत होतं. मॅडमनी नजर स्क्रीनकडे वळवली.

"मॅडम." रोहिदासांचा आवाज फाटला. "वाचलं. खाली 'वाचलं' म्हणून आलं."

 मॅडम टाइप करू लागल्या होत्या.

"आता कायतरी लिव्हतोय. ठिपकं हालत्यात." दोन्ही हातांत मोबाइल धरून ते वाट पाहत राहिले. बराच वेळ गेला. "थांबला," ते म्हणाले.

लॅबमध्ये एकदम शांत झालं होतं. मग मॅडमच्या कीबोर्डची टकटक पुन्हा सुरू झाली, आणि रोहिदासांच्या हातातले ठिपके पुन्हा हलू लागले.